पिकअपचे टायर : चिखलासाठीं कीं सडकेसाठीं?

बैलगाडीच्या चाकास धाव चढविण्याचा दिवस आमच्या आजोबांच्या काळीं घरांतील एक महत्त्वाचा दिवस असे. लाकूड कोणतें, धाव किती रुंद, आस किती जाड, याचा खल सुताराच्या ओट्यावर व लोहाराच्या भट्टीपाशीं बसून होत असे. आज त्याच घरांत बैलगाडीच्या जागीं पिकअप आली आहे. परंतु तिचे टायर झिजले म्हणजे आपण दुकानांत उभे राहून दोनच प्रश्न विचारतों : 'केवढ्याला?' आणि 'खांचा खोल आहेत ना?' यांपैकीं दुसरा प्रश्न चुकीचा आहे, असें आमचें मत आहे.

गाडी वर्षभरांत कोठून कोठें जाते, हें आधीं पाहावें. आमचें गांव जुन्नर तालुक्यांतील. पीक मुख्यतः टोमॅटोचें. माल कधीं नारायणगांवच्या बाजारांत जातो, कधीं आळेफाटा, माळशेज घाट, कल्याण या वाटेनें वाशीस. वाशीची खेप म्हणजे एका बाजूनें दीडशें किलोमीटरांहून अधिक अंतर. त्यांत कच्ची वाट किती? शेतापासून डांबरी रस्त्यापर्यंतची पाणंद तेवढी. ती अर्धा किलोमीटरहि भरत नाहीं. म्हणजे तीनशें हिश्श्यांत एक हिस्सा. इतर तालुक्यांतहि स्थिति फारशी वेगळी नसावी. २००० सालीं प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाल्यापासून कितीएक वाड्यावस्त्यांपर्यंत डांबर पोंचलें. रस्ता पालटला, टायर पारखण्याची आपली नजर मात्र जुन्या चिखलांतच रुतलेली आहे.

बाजारांत नक्षीचे ठोकळमानानें दोन प्रकार मिळतात. 'रिब' म्हणजे घेराच्या दिशेनें गेलेल्या सलग पट्ट्या व त्यांमधील लांब खांचा. 'लग' म्हणजे आडवे, जाड, सुटे ठोकळे. लगचा ठोकळा चिखलांत रुततो व गाडीस पुढें ढकलतो. तें त्याचें काम, आणि तो तें उत्तम करतो. परंतु कठीण सडकेवर तोच ठोकळा दर फेऱ्यास दबतो, वांकतो व सुटतांना घासला जातो. त्यांतून उष्णता उत्पन्न होते, ठोकळ्याची एक कड आधीं झिजून करवतीसारखे दांते पडतात, गाडी घोंघावूं लागते आणि डिझेलहि अधिक जातें. आम्हीं हा धडा पैसे मोजून घेतला आहे. स्वस्त मिळाले म्हणून चार लग टायर एकदम चढविले. तीस हजार किलोमीटर पुरे होण्यापूर्वींच ते दांते पडून निकामी झाले. त्यानंतर घेतलेला रिब नक्षीचा रेडियल जोड पन्नास हजारांच्या पुढें चालला. स्वस्त कोणता, तें ज्यानें त्यानें ठरवावें.

परंतु पैशाचा हिशेब येथें दुय्यम आहे. आमचा उन्हाळी टोमॅटो निघतां निघतां पावसाळा सुरू होतो, आणि माळशेजचा पाऊस ज्यानें पाहिला आहे त्यास अधिक सांगणें नलगे. त्या झिजल्या लग टायरांवर एका पहांटे आमची भरलेली गाडी घाटांतील वळणावर ब्रेक लावूनहि थांबेना. ती कठड्याकडे घसरत गेली व हातभर अंतरावर उभी राहिली. चाकापाशीं आमचा मुलगा होता. ओल्या सडकेवर टायर व रस्ता यांमध्यें पाण्याचा थर सांपडतो. तो बाहेर काढण्यास सलग व पुरेशा खोल खांचा लागतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील ९४ व्या नियमानें चारचाकी गाडीच्या टायरची खांच कमींत कमी १.६ मिलिमीटर असली पाहिजे. ही कायद्याची शेवटची मर्यादा आहे, सुरक्षिततेची खूण नव्हे. घाटांतून जाणाऱ्यानें खांच तीन मिलिमीटरांवर आली कीं पावसाळ्यापूर्वींच टायर बदलावा.

आतां ज्या गोष्टीकडे बहुतेक कोणी पाहत नाहीं तिच्याकडे वळूं. टायरच्या बाजूवर २१५/७५ आर १५ असें माप असतें : २१५ मिलिमीटर रुंदी, रुंदीच्या शेंकडा ७५ इतकी उंची, रेडियल बांधणी, पंधरा इंची चाक. माप जुळलें कीं आपलें समाधान होतें. पण मापाच्या पुढें आणखी एक आंकडा असतो, तो भाराचा. तेथें १०० असल्यास तो टायर ८०० किलो पेलतो, १०८ असल्यास १,००० किलो, ११२ असल्यास १,१२० किलो. याच २१५/७५ आर १५ मापाचा, प्रवासी गाडीसाठीं केलेला, भारांक १०० असलेला टायर बाजारांत मिळतो, आणि मापास माप जुळत असल्यामुळें तो पिकअपच्या चाकावर निमूटपणें बसतो. भरलेल्या गाडीच्या मागल्या आसावर दोन टन आले तर एकेका चाकावर हजार किलो पडतात. आठशें किलोंसाठीं केलेल्या टायरनें हजार किलो घाट उतरावेत, ही अपेक्षा कोणत्या न्यायानें करावयाची? गाडीसोबतच्या पुस्तिकेंत किंवा दाराजवळील पट्टीवर जो भारांक दिला असेल त्याहून कमी भारांकाचा टायर फुकट मिळाला तरी घेऊं नये.

अर्थात् भारांक योग्य असला तरी ओझें मर्यादेंत हवें. टोमॅटोचें क्रेट वीस किलोंचें धरलें तर ७५ क्रेटचे दीड टन होतात. बाजार तेजींत असला कीं त्याच गाडींत १२० क्रेट चढतात, म्हणजे २,४०० किलो. यांत शेतकऱ्याचा केवळ लोभ आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. भाडें परवडत नाहीं आणि भाव उद्यां राहील याची शाश्वती नाहीं, म्हणून हें घडतें. परंतु टायरला भाव कळत नाहीं. ओझ्यानें व कमी हवेनें त्याच्या बाजू अधिक लवतात, लवण्यानें तापतात आणि तापून फुटतात. वैशाखांतील तापलेल्या काँक्रीटवर न थांबतां चाललेल्या गाडीची गोष्ट तर बोलावयासच नको. समृद्धि महामार्गाचा अखेरचा टप्पा जून २०२५ मध्यें खुला होऊन तो ७०१ किलोमीटरांचा सलग रस्ता झाला. अशा रस्त्यावर नरम हवेचा टायर घेऊन शिरणें हें साहस आहे. हवा गाडी निघण्यापूर्वीं, टायर थंड असतांना पाहावी.

दुकानांत आणखी एक आंकडा वाचावा. बाजूवरील चार अंकांपैकीं पहिले दोन आठवड्याचे व शेवटचे दोन वर्षाचे. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. आम्हांस एका दुकानदारानें चार वर्षांचा टायर 'कोरा माल' म्हणून दिला होता. कोरा तो होताच. पण रबर पडून पडूनहि म्हातारें होतें. भारतीय मानक चिन्हाखेरीज टायर घेऊं नये, आणि रबर चढविलेला जुना टायर पुढल्या चाकास तर कदापि लावूं नये.

दोनच टायर बदलण्याची ऐपत असल्यास नवे कोठें लावावेत, यावर आमच्या पारावर नेहमीं वाद होतो. बहुमत पुढल्या चाकांचें आहे. आमचें मत मागल्यांचें. पुढचें चाक घसरूं लागलें तर तें चालकाच्या हातास कळतें व वेग कमी करतां येतो. मागचें घसरलें म्हणजे गाडी आपल्याभोंवतींच फिरते. शिवाय ओझें मागेंच असतें. मात्र पुढें ठेवलेल्या जुन्या जोडाची खांचहि शिल्लक असली पाहिजे, आणि एका आसावर एक रेडियल व एक नायलॉन अशी जोडी तर कधींच नसावी.

आमच्याविरुद्ध एक आक्षेप खरा आहे : आषाढांत पाणंदींतून रिब टायरची गाडी निघत नाहीं. निघत नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. ज्यांची वाट खरोखरच कांहीं कोस कच्ची आहे त्यांनीं मागल्या चाकांस मिश्र नक्षीचे टायर जरूर लावावेत. परंतु अर्ध्या किलोमीटरसाठीं वर्षभर लग घासण्यापेक्षां माल ट्रॅक्टरच्या ट्रॉलीनें सडकेपर्यंत आणावा व पिकअप तेथेंच भरावी. आम्ही दोन वर्षें तसेंच करीत आहों. गेल्या चैत्रांत तिघां शेजाऱ्यांनीं मिळून पाणंदीच्या सर्वांत वाईट तुकड्यांत मुरूम टाकला. चवथा शेजारी अद्याप तयार नाहीं. त्याच्या बांधापाशीं गाडी अजून रुतते.