बाळंतपणाच्या रजेनंतरचा पगार

बाळंतपणाची रजा संपवून स्त्री कामावर रुजू होते आणि महिनाअखेरीला खात्यात जमा झालेला पगार पूर्वीपेक्षा कमी निघतो. ही तक्रार नवी नाही आणि एखाद्याच क्षेत्रातली नाही. खासगी शाळेतल्या शिक्षिका, रुग्णालयातल्या परिचारिका, कंत्राटी कर्मचारी, आयटी कंपनीतल्या अभियंता अशा अनेकींच्या वाट्याला हा अनुभव येतो. बऱ्याच जणी गप्प बसतात. बाळ लहान असते, पाळणाघराचा किंवा सांभाळणाऱ्या बाईंचा नवा खर्च सुरू झालेला असतो, झोप पुरी होत नसते. त्यात ‘सहा महिने घरी राहून पगार घेतला, आता कुठल्या तोंडाने विचारायचे’ हा संकोच. तो दूर झाल्याशिवाय पुढचे काहीच बोलता येणार नाही.

रजेचा पगार ही मालकाची मेहेरबानी नाही. मुंबई प्रांतात १९२९ साली प्रसूती लाभाचा कायदा झाला. त्याच्या विधेयकाला पाठिंबा देताना १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात सांगितले होते की, बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे. हा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलायला हवा, हे त्यांनी मान्य केले. पण तेवढ्याने मालकाची जबाबदारी संपत नाही, हेही बजावले. पुढे १९६१ चा मातृत्व लाभ कायदा आला. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठीची रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि या तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहितेच्या सहाव्या प्रकरणात आहेत.

रजेवर असलेल्या स्त्रीला नोकरीवरून काढता येत नाही, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्याच तरतुदीचा दुसरा भाग फारसा कुणी वाचत नाही. तिच्या सेवाशर्तींत तिला तोट्याचा ठरेल असा बदल करणेही बेकायदेशीर आहे. पगार, पद, श्रेणी, भत्ते या सगळ्या सेवाशर्तीच आहेत. ‘तुमचे काम आता दुसऱ्याकडे दिले आहे, तुम्हाला खालच्या पदावर घेतो, पगार त्याप्रमाणे बसेल’ असे सांगणे कायद्यात बसत नाही. पगाराची मूळ रक्कम तशीच ठेवून जबाबदारीचा भत्ता तेवढा काढून घेणे, हाही त्यातलाच प्रकार.

पण प्रत्येक घट म्हणजे अन्याय नव्हे. संशय घेण्याआधी पगारपत्रक नीट वाचले पाहिजे, कारण काही घट निव्वळ हिशेबाची असते. जुन्या करपद्धतीतल्या स्त्रीची रजा जानेवारी-फेब्रुवारीत आली आणि गुंतवणुकीच्या पावत्या कार्यालयात द्यायच्या राहून गेल्या, तर उरलेल्या महिन्यांत जादा टीडीएस कापला जातो. विवरणपत्र भरल्यावर तो परत मिळू शकतो. ज्यांचा पगार दरमहा २१ हजारांपर्यंत आहे आणि ज्यांना कर्मचारी राज्य विमा योजना लागू आहे, त्यांना रजेच्या काळातला लाभ कंपनी देत नाही, विमा महामंडळ देते. अशा स्त्रीला रुजू झाल्याच्या महिन्यात काही दिवसांचे पैसे महामंडळाकडून आणि काही दिवसांचे कंपनीकडून येतात. दोन्ही जोडून पाहिल्याशिवाय पगार कापला की नाही हे कळत नाही. केंद्र सरकारच्या सेवेत रजेवर असताना वार्षिक वेतनवाढीची तारीख आली, तर वाढीव वेतन रुजू झाल्याच्या दिवसापासून मिळते, आणि पूर्ण कॅलेंडर महिना रजेत गेला असेल तर त्या महिन्याचा वाहतूक भत्ता मिळत नाही. हे नियम सगळ्या प्रकारच्या रजेला सारखेच लागू आहेत.

हिशेबाची घट आणि अन्यायाची घट ओळखायला एक प्रश्न पुरेसा आहे: त्याच पदावर काम करणाऱ्या, रजेवर न गेलेल्या सहकाऱ्याच्या पगारातही हाच बदल झाला आहे का? कामगार संहिता आल्यानंतर अनेक कंपन्या पगाराची मांडणी बदलत आहेत. मूळ वेतनाचा वाटा वाढवला की त्याबरोबर भविष्यनिर्वाह निधीची कपात वाढू शकते आणि हातात येणारी रक्कम कमी होऊ शकते. हा बदल सगळ्यांना लागू असेल, तर तो रजेमुळे झालेला नाही. फक्त ती घरी असताना झाला आणि तिला कुणी कळवले नाही. तसे न कळवणे हीही चूकच, पण निराळी. उलट सहकाऱ्यांचा पगार जागच्या जागी आहे किंवा वाढला आहे आणि तिचा तेवढा घटला आहे, तर त्याचे कारण लेखी सांगण्याची जबाबदारी संस्थेची आहे.

रजेच्या काळातल्या रकमेचाही असाच हिशेब घालावा लागतो. ती रजेआधीच्या तीन महिन्यांच्या सरासरी दैनिक वेतनावर मोजली जाते. या मोजणीत किती अंतर पडू शकते, हे कोइमतूर जिल्ह्यातल्या माउंट स्टुअर्ट या मळ्याच्या प्रकरणात दिसले. तिथल्या एका मजूर स्त्रीला १२ आठवड्यांच्या रजेचे फक्त ७२ दिवसांचे पैसे दिले गेले, रविवार वगळून. तिने ८४ दिवसांचे मागितले. मळ्याचे म्हणणे असे की, रविवारी काम नसते, मजुरी नसते, मग लाभ कशाचा? सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये रविवारही मोजायला लावले. आई आणि मूल दोघांच्याही तब्येतीसाठी हा लाभ आहे आणि तो आठवड्याच्या सातही दिवसांचा आहे, हा त्यामागचा विचार. त्या स्त्रीच्या मागणीत फरक फक्त १२ दिवसांचा होता आणि त्यासाठी खटला देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आजही कुणाच्या रजेचे पैसे ‘कामाचे दिवस’ मोजून दिले जात असतील, तर तो प्रश्न तेव्हाच निकाली निघाला आहे.

याच ठिकाणी नव्या संहितेतली एक गोष्ट काळजी वाटावी अशी आहे. १९६१ च्या कायद्यातल्या वेतनाच्या व्याख्येत घरभाडे भत्ता आणि प्रोत्साहन बोनस यांचा स्पष्ट समावेश होता. संहितेच्या व्याख्येत घरभाडे भत्ता वेतनाबाहेर आहे. वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाल्या, तरच वरचा भाग वेतनात धरला जातो. ज्या स्त्रीच्या पगाराचा मोठा हिस्सा भत्त्यांत आहे, तिच्या रजेची रक्कम ही व्याख्या काटेकोर लावून काढली, तर पूर्ण पगार आणि हाती आलेली रक्कम यांत बरेच अंतर पडेल. रजा वाढवणाऱ्या दुरुस्तीचा हेतू असा खचितच नव्हता. म्हणून रजेवर जाण्याआधीच, रक्कम कशावर काढणार, हे संस्थेकडून लेखी घेतले पाहिजे.

सगळ्यात मोठे नुकसान मात्र पगारपत्रकात दिसतच नाही. ते अप्रेझलमध्ये होते. वर्षातले सहा महिने ती नव्हती, म्हणून तिला मधली श्रेणी. मधल्या श्रेणीला नाममात्र पगारवाढ. पुढच्या वर्षीची वाढ त्या कमी पगारावर. एका वर्षाची ही तफावत निवृत्तीपर्यंत सोबत राहते, भविष्यनिर्वाह निधीत आणि ग्रॅच्युइटीतही उतरते. हे कुणी दुष्टाव्याने करते असे नाही. मूल्यमापनाचा तक्ता बारा महिन्यांसाठी आखलेला असतो आणि सहा महिन्यांचे काय करायचे याचा विचार आखणाऱ्याने केलेला नसतो. पण परिणाम तोच होतो. नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी स्त्री-पुरुषांच्या कमाईतली दरी पहिल्या मुलाच्या जन्मानंतर कशी रुंदावते, हे दाखवून दिले. डेन्मार्कसारख्या देशातही, जिथे रजा आणि पाळणाघरांची सोय आपल्यापेक्षा कितीतरी चांगली आहे, मुलामुळे स्त्रियांच्या कमाईत दीर्घकाळात सुमारे २० टक्के घट होते, असे तिथल्या अभ्यासात आढळले.

आपला कायदा या बाबतीत अपुरा आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००० सालच्या १८३ क्रमांकाच्या करारात, रजेनंतर त्याच किंवा समकक्ष पदावर, त्याच वेतनदरावर परतण्याची हमी आहे. भारताने तो स्वीकारलेला नाही. युरोपीय न्यायालयाने २००४ मध्ये ब्रिटनमधल्या एका प्रकरणात असा निकाल दिला की, रजेचा मोबदला ज्या काळातल्या पगारावरून ठरतो, त्या काळाच्या सुरुवातीपासून रजा संपेपर्यंत झालेली कोणतीही पगारवाढ त्या मोबदल्याच्या हिशेबात धरलीच पाहिजे. आपल्याकडे तीन महिन्यांची सरासरी एकदा काढली की पुढची वाढ हिशेबात येण्याची सोय नाही. रजेच्या काळात सहकाऱ्यांना मिळालेली वाढ परतणाऱ्या स्त्रीला मिळालीच पाहिजे, आणि मूल्यमापन तिने प्रत्यक्ष काम केलेल्या महिन्यांवरच झाले पाहिजे, अशी स्पष्ट तरतूद व्हायला हवी. ‘तोट्याचा बदल नको’ एवढ्या एका वाक्यातून हे ओढून काढण्यासाठी प्रत्येकीने न्यायालयाची पायरी चढावी, ही अपेक्षा रास्त नाही.

काही गोष्टी मात्र कायद्यात आजही आहेत आणि त्या मागितल्याच पाहिजेत. मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत स्तनपानासाठी कामाच्या वेळेत रोज दोन विराम मिळतात आणि त्यासाठी पगार कापता येत नाही. बायोमेट्रिक हजेरीत त्या वेळेची ‘अर्धी रजा’ लागत असेल, तर ती दुरुस्त करून घ्यावी. वैधानिक बोनससाठी दिवस मोजताना पगारी प्रसूती रजेचे दिवस कामाचे धरायचे, ही तरतूद १९६५ च्या बोनस कायद्यापासून आहे. ग्रॅच्युइटीसाठीही २६ आठवड्यांपर्यंतची ही रजा अखंड सेवेत मोजली जाते. रजेनंतर राजीनामा दिला तर रजेचा पगार परत घेऊ, असे कागदावर सही करून घेणाऱ्या संस्था आहेत. मातृत्व लाभाच्या कायद्यात अशी अट कुठेही नाही.

पगारात फरक दिसला तर पहिले पाऊल भांडणाचे नसावे, पण ते लेखी असावे. एचआरच्या केबिनमध्ये झालेले बोलणे पुढे कामाला येत नाही. रजेआधीच्या तीन महिन्यांची आणि परतल्यानंतरची पगारपत्रके, नेमणूकपत्र, रजा मंजुरीचा ईमेल एकत्र ठेवून, कोणती रक्कम कोणत्या कारणाने बदलली एवढेच विचारणारा ईमेल पाठवावा. बदललेल्या अटींच्या पत्रावर घाईने सही करू नये. कायद्यापेक्षा कमी देणारा करार मातृत्व लाभाच्या बाबतीत टिकत नाही, पण सही झाली की वाद लांबतो. उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करता येते. वकिलाची फी परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते.

संस्थांकडे आमची मागणी एकाच पत्राची आहे. रजा मंजूर करताना त्यातच लिहून द्यावे: रजेच्या काळात किती रक्कम मिळेल आणि ती कशी काढली, परतल्यावर पद आणि पगार काय असेल, या वर्षीची पगारवाढ कशी ठरवली जाईल. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही, आणि ज्या संस्थेचा हिशेब स्वच्छ आहे तिला असे पत्र द्यायला अडचणही नाही.