विहिरीची आकृति आणि पाण्याचें गणित

हल्लीं घरोघरचीं मुलें स्थापत्याच्या अभ्यासांत संगणकावर पाण्याचा प्रवाह चालवून पाहतात. पुष्कळदां गणित अर्ध्यावर अडतें किंवा आंकडे भलतेच फुगतात, आणि दोष यंत्रास दिला जातो. आमच्या मतें आधीं आकृति तपासावी.

आमच्या बीडजवळची खजाना विहीरच घ्या. निजामशाहींत, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सलाबतखानानें ती बांधविली. दोन भुयारांनीं पाणी आंत येतें, तिसऱ्यानें शेतांकडे जातें. विद्यार्थी प्रथम हिच्या भिंती काढतो. पण गणितास हवी असते ती भिंतींनीं वेढलेली पोकळी, म्हणजे जेथें पाणी असतें ती जागा. ती चोहोंकडून बंद पाहिजे. सांध्यावर दोन पृष्ठें केसभर दूर राहिलीं, तर आंत कोणतें व बाहेर कोणतें हें संगणकास कळत नाहीं. एकाच जागीं पृष्ठ दोनदां बसलें तरी घोटाळा. मिलिमीटरांचीं मापें मीटर म्हणून वाचलीं गेलीं, तर विहिरीची लांबीरुंदी हजारपट होते!

हीं पृष्ठें लहान लहान त्रिकोणांचीं असतात. त्यांतील कांहीं सुईसारखे निघतात. कांहींच्या दोन भुजांची बेरीज तिसरीएवढीच भरते, म्हणजे क्षेत्रफळ शून्य. भास्कराचार्यांनीं ‘लीलावतीं’त (इ. स. ११५०) अशा आकृतीस ‘अक्षेत्र’ म्हटलें असून ती मांडणाऱ्यास धृष्ट ठरविलें आहे. (त्यांचें विज्जडविड म्हणजे आमचें बीडच, असें कांहीं म्हणतात, तो वाद येथें नको.) असले त्रिकोण काढून तेवढें जाळें नव्यानें विणावें. दगडांमधील बारीक खाचाहि गाळाव्या. नाहींतर जाळ्याचीं घरें त्यांच्याएवढीं लहान करावीं लागतात व रात्र सरली तरी उत्तर येत नाहीं.

खरा धोका दुरुस्तींतच आहे. आपोआप दुरुस्ती करणारी सोय दिसेल तें भोंक बुजविते, आणि भुयाराचें तोंड हेंहि तिच्या लेखीं भोंकच! तें तोंड पृष्ठानें झांकावें लागतें खरें, परंतु त्यास भिंत न म्हणतां ‘येथून पाणी येतें’ असें वेगळें नांव द्यावें लागतें. येणाऱ्या दोहोंपैकीं एक तोंड भिंत होऊन बसलें, तर गणित विनातक्रार पुरें होईल, चित्र सुबक येईल, आणि शेतास मिळणाऱ्या पाण्याचा आंकडा मात्र खोटा असेल. आमच्यासारख्या अवर्षणाच्या जिल्ह्यांत अशा आंकड्यावर कोणी पाटाचें तोंड ठरविलें, तर भोगणार शेतकरी. कोणतें भोंक चुकीचें व कोणतें पाण्याच्या वाटेचें, हें विहीर पाहिलेल्यासच सांगतां येतें.

म्हणून विहिरीच्या तोंडाचें माप व पाण्याची खोली घेऊन घनफळ प्रथम कागदावर काढावें आणि संगणकाच्या उत्तराशीं ताडून पाहावें. मोठी तफावत आली, तर मापांचा घोटाळा किंवा उघडा सांधा शोधावा. घनफळ ऋण आलें, तर पृष्ठांची दिशा उलटली आहे असें समजावें. मापें घेण्यास मुलांबरोबर वडील माणसानें जावें व दोरी त्यानेंच धरावी.