पाच कोऱ्या जागा

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या मोहल्ल्यांत गुणगौरव समारंभ सुरू होतात. शादीखान्यात खुर्च्या मांडल्या जातात, नव्वद टक्क्यांवरच्या मुला-मुलींना ट्रॉफी मिळते, ट्रस्टींचा शाल घालून सत्कार होतो आणि पाहुणे भाषण करतात. भाषणात आधी इब्न अल-हैसम येतो, मग अल-ख्वारिज्मी आणि शेवटी अब्दुल कलाम. टाळ्या पडतात, जेवण होतं, लोक घरी जातात. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, एवढ्या एका कारणावरून मलाही हल्ली अशा स्टेजवर बसवतात. तिथे विचारायची सोय नसते, म्हणून इथे विचारतो: तुमच्या शाळेने यंदा इन्स्पायर-मानक योजनेला किती मुलांच्या कल्पना पाठवल्या?

ज्यांना हे नाव माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची ही योजना आहे. सहावीपासून पुढच्या मुलांनी आपल्या आसपासच्या अडचणीवर सुचलेली कल्पना द्यायची. एका शाळेला पाच कल्पना ऑनलाइन पाठवता येतात. निवड झाली तर प्रकल्पासाठी १०,००० रुपये थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतात. पुढे जिल्हा, राज्य, मग राष्ट्रीय प्रदर्शन. अडचण एवढीच की मुलाला स्वतः अर्ज करता येत नाही, तो शाळेनेच भरायचा असतो. ओळखीच्या काही शाळांत मी विचारून पाहिलं. कुठे नाव ऐकलेलं नव्हतं, कुठे ‘लॉगिन क्लार्ककडे आहे’ असं उत्तर मिळालं, आणि एका ठिकाणी पाचही कल्पना एकाच सरांनी एका दुपारी गूगलवरून उतरवल्या होत्या.

भेदभावाबद्दल आपण बोलतो आणि बोललंच पाहिजे. पुण्यात भाड्याचं घर शोधताना आडनाव सांगितल्यावर फोन कसा बंद होतो, हे मला कुणी शिकवायला नको. पण या फॉर्मवरच्या पाच जागा कोऱ्या ठेवायला बाहेरून कुणी आलेलं नव्हतं. त्या आपल्याच संस्थाचालकांनी कोऱ्या ठेवल्या.

इब्न अल-हैसमबद्दल थोडं बोलू, कारण त्याचं नाव फार स्वस्त झालंय. अकराव्या शतकात कैरोत बसून त्याने प्रकाशावर ‘किताब अल-मनाझिर’ लिहिलं. डोळ्यातून किरण बाहेर पडतात म्हणून आपल्याला दिसतं, हे जुन्या मोठ्या लोकांचं मत त्याने मानलं नाही आणि प्रयोग करत राहिला. त्याच्या दुसऱ्या एका ग्रंथाचा विषयच टॉलेमीबद्दलच्या शंका हा आहे, आणि शंका हा शब्द त्याच्या नावातही आहे. आता आपल्या वर्गात शंका विचारणाऱ्या मुलाचं काय होतं ते आठवा. ‘बस खाली, पोर्शन राहिलाय.’

मी पॉवरलूमच्या गावातला. नववीत असताना मला पडलेला प्रश्न साधा होता: लूमवर काम करणारे माझे मामू टीव्ही इतका मोठ्याने का लावतात आणि किराणा दुकानवाले चाचा का लावत नाहीत? विज्ञान प्रदर्शनासाठी हाच विषय घेऊ का, असं सरांना विचारलं. ‘हा काय प्रोजेक्ट आहे? ज्वालामुखी कर,’ सर म्हणाले. खायचा सोडा, व्हिनेगर आणि लाल रंग आणून मी ज्वालामुखी केला. दुसरा नंबर आला, शिल्ड मिळाली.

त्या प्रश्नाला खर्च काहीच नव्हता. वीस लूम कामगार, त्याच वयाचे वीस दुकानदार, एक टिकटिकणारं घड्याळ आणि एक मोजपट्टी. घड्याळाचा आवाज किती अंतरापर्यंत ऐकू येतो ते शांत खोलीत दोन्ही कानांसाठी वेगळं मोजायचं, आणि शेडमध्ये किती वर्षं काढली ते समोर लिहायचं. रोज आठ तास ८५ डेसिबलच्या पुढचा आवाज कानाला धोक्याचा मानतात. लूमच्या शेडमध्ये तर शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. मामूंना आज जवळजवळ ऐकू येत नाही. त्यांच्या शेडमध्ये कुणी कधी काही मोजलेलंच नाही.

भाषणात सांगायचाच असेल तर सालिम अलींचा किस्सा सांगा. मुंबईतल्या या मुलाने शाळकरी वयात एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही खायला चालते का, असा प्रश्न पडला म्हणून तो मामांकडे गेला. मामांनी चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथे मिलार्डसाहेबांनी पक्षी ओळखला आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटं उघडून दाखवली. पोराचा प्रश्न घरच्या जेवणातला होता. त्यावर ‘गप बस’ न म्हणता चिठ्ठी लिहून देणारा मामा भेटला, हे त्याचं नशीब.

‘राष्ट्रीय स्पर्धेला आपल्या पोरांचं इंग्रजी कुठे आहे?’ हे मला हमखास ऐकवलं जातं. राष्ट्रीय बालविज्ञान परिषद १९९३ पासून चालू आहे, दहा ते सतरा वयाच्या मुलांसाठी. तिथे प्रकल्प मातृभाषेत मांडता येतो, मराठीत किंवा उर्दूत. शाळा सुटलेलं मूलसुद्धा भाग घेऊ शकतं. आपल्या वस्तीतली किती पोरं आठवीनंतर गॅरेजमध्ये जातात ते मोजा, म्हणजे या नियमाची किंमत कळेल. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेची लेखी परीक्षा क्लासवाल्यांनी ताब्यात घेतली असली, तरी पुढच्या टप्प्यात स्वतःचा कृतिसंशोधन प्रकल्प करावाच लागतो.

दुसरा आक्षेप नीट आणि जेईईचा. या स्पर्धांनी तिथे एक मार्क वाढत नाही, हे मी आधीच सांगतो. खोटी आशा दाखवणार नाही. पण माझ्या कंपनीत मी मुलाखती घेतो. ‘स्वतः शोधून काढलेली एखादी गोष्ट सांग’ म्हटल्यावर चांगल्या मार्कांची पोरं गप्प बसतात. प्रोग्राम अडकला तर एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची, काय बदललं ते लिहून ठेवायचं, एवढंच आमचं काम असतं. ते चौदाव्या वर्षी हातात बसतं. पंचविसाव्या वर्षी शिकवताना दमछाक होते.

मुलींबद्दल मात्र मला सरळ भांडायचंय. वर्गात पुढे मुली असतात, आणि जिल्ह्याला जायची वेळ आली की ‘मुक्कामी कसं पाठवणार?’ म्हणून जागा मुलाला दिली जाते. एक बाई सोबत द्या. सहलीला देता, उमऱ्याच्या तयारीला पैसे गोळा करता, जिल्ह्याच्या गावी एक रात्र काढायला शिक्षिका मिळत नाही?

विषय सुचत नाही म्हणणाऱ्यांना एक देतो. वजूला किती पाणी लागतं? पैगंबरसाहेबांनी एक मुद्द पाण्यात वजू केल्याचं हदीसमध्ये येतं, म्हणजे लिटरभराहून कमी. आपल्या मशिदीत नळ सुरू राहतो तेव्हा किती जातं? नळाखाली बादली ठेवा, पन्नास माणसांचं पाणी मोजा. मग अर्ध्या नळांना कमी धारेची तोटी लावून पुन्हा मोजा. जुम्मा आणि बाकीचे दिवस वेगळे लिहा, आकडा पटला नाही म्हणून खोडू नका. ज्यांचं पाणी मोजायचं त्यांना आधी विचारा, आणि ट्रस्टींची परवानगी लेखी घ्या. ते नाही म्हणाले, तर तारीख टाकून तेही वहीत लिहा. इन्स्पायरची नोंदणी साधारण पावसाळ्यात चालते, तेव्हा वही घेऊन मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये जा आणि लॉगिन कुणाकडे आहे ते विचारा.