चालता शेजारी

माणदेशातल्या माणसाने समुद्रावर लिहावे हा उंटाने होडीवर व्याख्यान देण्यासारखा प्रकार आहे, हे मला मान्य आहे. आम्हा आटपाडीकरांचे आयुष्य गेले ते आभाळाकडे पाहण्यात. टेंभू योजनेचे पंप कृष्णेचे पाणी वर चढवून आमच्याकडे आणू लागले, ते अगदी अलीकडे. त्याआधी टँकरचा भोंगा हेच आमचे वाद्य. अशा गावात मी ३० वर्षे मुलांना विज्ञान शिकवले. समुद्रातले जीव म्हणाल तर एकदा शाळेच्या सहलीबरोबर मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय पाहिले होते, तेवढेच.

पण गेल्या वर्षी लेकीकडे अमेरिकेत, न्यू जर्सीला, तीन महिने राहण्याचा योग आला आणि समुद्र थेट दिवाणखान्यातच भेटला. आमच्या जावईबापूंनी सोफ्याशेजारी ७५ लिटरची काचपेटी मांडली आहे. तिच्यात खडक, वाळू, चार मासे, एक समुद्रफूल आणि पाचसहा प्रकारची प्रवाळे. प्रवाळ म्हणजे पोवळे. आपल्याला ठाऊक असते ते मंगळासाठी अंगठीत घालायचे तांबडे पोवळे. हे मात्र जिवंत. त्यातले एक हरणाच्या शिंगांसारख्या फांद्यांचे, निळसर, जावईबापूंचे फार लाडके. लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला बोटाएवढा तुकडा आणला होता, तो दोन वर्षांत ओंजळीएवढा झालेला. आपल्याकडे डाळिंबाची कलमे करतात तशी तिकडे प्रवाळांची करतात आणि विकतात. आपल्या देशात मात्र असले दगडी प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. म्हणजे वाघाच्या पंक्तीला! तेव्हा वाचकांनी हौसेच्या भरात मालवणच्या किनाऱ्यावरून काही उचलून आणू नये.

फूल आणि पोवळे दिसायला निराळी, पण एकाच कुळातली. दोघांच्याही अंगात सूक्ष्म शेवाळ राहते आणि उजेडावर अन्न तयार करून यजमानाला भाडे भरते. दोघांच्याही शुंडांवर विषारी डंखाच्या पेशी असतात. फरक एकच, पण भारी. प्रवाळ एकदा बसले की बसले. समुद्रफुलाला मात्र पाऊल असते. उजेड आवडला नाही, पाण्याचा झोत सोसला नाही, की ते खडक सोडून चालू लागते. आणि वाटेत जो लागेल त्याला डंख करीत जाते. विस्तीर्ण समुद्रात हे खपून जाते. ७५ लिटरांत शेजारी पळून जाणार कुठे?

एकदा मुलांना चार दिवस बाहेरगावी जायचे होते. जावईबापूंनी निघताना सारे समजावून सांगितले. "अण्णा, पाणी रोज थोडं खाली जाईल. तेवढंच या डब्यातलं घाला." शेजारी तसाच दुसरा डबा होता, आठवड्याला पाणी बदलण्यासाठी मीठ घालून ठेवलेला. मी अर्धे ऐकले. ज्याने जन्मभर शिकवले त्याला ऐकण्याची सवय कुठली असणार? मी विचार केला, समुद्राचे पाणी कमी झाले तर समुद्राचेच पाणी घालायला हवे. रोज दीड लिटर खारे पाणी मोठ्या निष्ठेने ओतत राहिलो.

वाचकहो, पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही, हा धडा मी किती वर्गांना शिकवला असेल! लिटरला ३५ ग्रॅम मीठ धरले तरी चार दिवसांत मी त्या पेटीत २१० ग्रॅम जास्तीचे मीठ घातले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो समुद्रफूल जाग्यावर नाही. हातभर अंतर तोडून ते त्या निळ्या प्रवाळाला जाऊन टेकले होते. जिथे टेकले तिथल्या फांद्या हाडासारख्या पांढऱ्याफटक. रात्री लेकीचा फोन आला. मी म्हणालो, "सगळं ठीक आहे." फोन ठेवल्यावर आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "खोटं कशाला बोललात? जावयाला नाही, निदान लेकीला तरी सांगायचं." मी काही बोललो नाही. जावयाच्या घरी राहायचे, त्याचे खायचे, आणि वर त्याची हौस बुडवायची! रात्रभर झोप आली नाही. पहाटे उठून मीच फोन केला आणि सारे सांगितले.

ओरडा बसला असता तर बरे वाटले असते. जावईबापू शांतपणे म्हणाले, "फुलाला हात लावू नका, त्याचं पाऊल फाटेल. प्रवाळाचा खडक उचलून पलीकडच्या कोपऱ्यात ठेवा. आणि पंपाच्या तोंडाशी स्पंज बांधा. ते आत ओढलं गेलं तर सगळं पाणी नासेल." मी बाह्या सरसावल्या आणि कोपरापर्यंत समुद्रात हात घातला.

परतल्यावर त्यांनी खारटपणा एकदम न उतरवता चार दिवसांत थोडा थोडा उतरवला. मग एका संध्याकाळी मला गुपित सांगितले. अशा पेटीत दोघांना ठेवायचेच असेल तर पेटी सहा महिने तरी मुरू द्यावी. मग चालणाऱ्याला आधी आणावे, वेगळा खडक द्यावा, भोवती मोकळी वाळू ठेवावी. त्याने जागा पक्की केली की मगच बसणाऱ्यांना दूर मांडावे. "खरं सांगू का अण्णा, एवढ्या लहान पेटीत दोन्ही ठेवायलाच नकोत. लोभ सुटला नाही माझा."

दुसऱ्या दिवशी दोन्ही डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवलेल्या दिसल्या. ठळक मराठीत. 'गोडे' आणि 'खारे'.

"मला इंग्रजी येतं हो," मी म्हणालो. "ऐकलं नव्हतं, एवढंच."

"मला ठाऊक आहे," ते म्हणाले, आणि दोघेही हसलो. लग्नाला तीन वर्षे झाली होती, पण सासरे-जावयांत इतके मोकळे हसणे त्याच दिवशी झाले.

परवा डाळिंबाच्या बागेत गेलो होतो. ठिबकच्या तोंडाशी जमिनीवर मिठाचे पांढरे कडे उमटले होते. पाणी उडाले, मीठ राहिले. मी तिथेच उभा राहून एकटाच हसत होतो, तेवढ्यात लेकीचा फोन आला. पडद्यावर पेटी दिसत होती. फूल एका मित्राच्या मोठ्या पेटीत गेले होते आणि त्या पांढऱ्या फांदीच्या कडेने नखभर निळा रंग वर सरकत होता.