स्कोअर नंतर, आधी दिवस सांगा

२०२१च्या मे महिन्यात कोलकात्यात, बेहालातल्या आमच्या गल्लीत एकच प्रश्न कानावर यायचा, ‘स्कोर कोतो?’ रात्री पुण्याहून नातेवाइकांचा फोन आला की तोच प्रश्न मराठीत, ‘स्कोअर किती आला?’ पंचवीसपैकी सात म्हणजे सुटलो, सतरा म्हणजे आशा सोडा. छातीच्या सीटीचं असं वाचन तेव्हाही चूक होतं, आजही चूक आहे.

हा आकडा येतो कुठून? फुप्फुसांचे लोब पाच. प्रत्येकाचा किती भाग धूसर किंवा घट्ट झाला, त्यावर शून्य ते पाच गुण. पसारा किती, याचा हा अंदाज, तोही एका दिवसाचा. आजार मात्र रोज सरकतो. २०२०च्या सुरुवातीला वुहानमध्ये कोविडमधून बरे झालेल्या २१ जणांचे एकापाठोपाठ एक काढलेले सीटी तपासले गेले. श्वासाचा गंभीर त्रास त्यांपैकी कुणालाच झाला नव्हता. तरीही फुप्फुसांतले बदल साधारण दहाव्या दिवसापर्यंत वाढत गेले आणि मग ओसरू लागले. चीनमधल्याच दुसऱ्या पाहणीत, लक्षणं दिसल्यापासून पहिल्या दोन दिवसांत स्कॅन झालेल्या ३६ पैकी २० जणांचा सीटी स्वच्छ होता. मग दुसऱ्या दिवसाच्या शून्यावर निर्धास्त कसं व्हायचं, आणि दहाव्या दिवसाच्या बारावर हातपाय का गाळायचे?

स्कोअरसारखीच भीती किरणांचीही होती. ‘एक सीटी म्हणजे ३०० ते ४०० एक्स-रे,’ असं एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया ३ मे २०२१ रोजी म्हणाले. रेडिओलॉजिस्टांच्या देशव्यापी संघटनेने लगेच हरकत घेतली: ही माहिती जुनी आहे, आजचा अतिशय कमी मात्रेचा सीटी पाच-दहा एक्स-रेंइतकाच. किरणांच्या मात्रेचं गणित मांडून पाहा. नेहमीचा सीटी ७ मिलिसिव्हर्टचा आणि एक्स-रे ०.०२चा धरला, तर साडेतीनशे भरतात. सीटी १चा आणि एक्स-रे ०.१चा धरला, तर दहा. निसर्गातूनच माणसाला वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. म्हणून धाप लागलेल्या साठीच्या माणसाने किरणांच्या भीतीने सीटी टाळणं मला मान्य नाही. गुलेरियांचा आकडा घाबरवणारा होता. सौम्य आजारात सीटी नको, हा सल्ला मात्र सोळा आणे खरा होता.

‘धोका कमी, मग दर तीन दिवसांनी काढायला काय हरकत?’ हरकत ही, की बहुतेकांचे उपचार त्याने बदलत नाहीत. डेक्सामेथासोन या स्टिरॉइडचा फायदा ऑक्सिजन लागणाऱ्यांना होतो, न लागणाऱ्यांना नाही, हे ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीने २०२०मध्येच दाखवलं होतं. ऑक्सिजन लागतो का, हे बोटावरचं ऑक्सिमीटर सांगतं. तरी लोक डॉक्टरांच्या आधी स्कॅन सेंटरच्या रांगेत उभे राहत. महाराष्ट्र सरकारला सप्टेंबर २०२०मध्ये यंत्रानुसार २००० ते ३००० रुपये असे दर बांधून द्यावे लागले.

सीटी खरा उपयोगी कधी? ऑक्सिजन अचानक घसरला आणि एक्स-रेत कारण सापडेना तेव्हा. फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळीची शंका आली तेव्हा. तिथे कॉन्ट्रास्ट देऊनच काढावा लागतो. आणि आजार सरल्यावर, ज्याची आठवण फार थोड्यांना होते. २०२३च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोलकात्यात अ‍ॅडेनोव्हायरसने मुलं आजारी पडली, फुलबागानचं बी. सी. रॉय बालरुग्णालय भरून गेलं. हा विषाणू काही मुलांच्या बारीक श्वासनलिका कायमच्या अरुंद करून जातो. ताप जाऊन आठवडे उलटले, तरी घरघर आणि धाप थांबत नाही. श्वास सोडलेल्या स्थितीतला सीटी घेतला, तर अडकून राहिलेली हवा काळ्या ठिगळांसारखी दिसते. साध्या एक्स-रेत ती सहज निसटते. अशा मुलासाठी तो एक सीटी मोलाचा आहे. तापाच्या तिसऱ्या दिवशी नुसत्या धास्तीने काढलेला, मुळीच नाही.

डॉक्टरांनी सीटी सांगितला, तर तो आत्ताच का आणि त्याने औषध बदलेल का, हे जरूर विचारा. फिल्मच्या पाकिटावर ताप कोणत्या तारखेला सुरू झाला ते ठळक लिहा, आणि जुनी सीडी फेकू नका. पुढचा सीटी तिच्याशीच ताडून पाहायचा असतो.