टॉरेंट लावलं की घरातलं इंटरनेट का अडतं?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. जुना कॉम्प्युटर भंगारात न काढता त्यावर उबुंटू टाकायची, तर काही जीबींची फाइल लागते. ती अधिकृत टॉरेंटनेही मिळते. पण नाशिकच्या घरात त्याच वायफायवर ऑनलाइन क्लास सुरू असला तर?

टॉरेंटमध्ये फाइल उतरते तशी इतरांना पाठवलीही जाते. अपलोडची वाट भरली, की आलेल्या डेटाची पोचही रांगेत अडकते आणि डाउनलोड मंदावतं. म्हणून सेटिंगमध्ये अपलोडला क्षमतेच्या साधारण ८० टक्क्यांची मर्यादा घाला. १० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १२५० किलोबाइट, मर्यादा १०००. अगदी कमी मात्र ठेवू नका. टॉरेंटमध्ये देणाऱ्यालाच आधी मिळतं.