वाफसा गेल्यावर

पूर्वीच्या पक्षपाताचे पुरेसे परिमार्जन झाले असून यापुढे मदतीच्या योजनांत अर्जदाराचा वर्ण पाहिला जाणार नाही, असे अमेरिकेच्या शेतकी खात्याने जुलै 2025 मध्ये जाहीर केले. हे परिमार्जन कसले, ते पाहणे अगत्याचे आहे. 1920 साली त्या देशात कृष्णवर्णीय शेतकरी सव्वानऊ लाख होते, म्हणजे सातांत एक. 2022 च्या गणनेत ते 42 हजारांच्या आसपास उरले. शहरांची ओढ, यंत्रे, कापसावरची कीड ही कारणे खरीच, आणि गोरे शेतकरीही घटले. परंतु तेवढ्याने हिशेब पुरा होत नाही.

शेतकऱ्याची जमीन जाण्यास कायदा करावा लागत नाही. कर्ज उशिरा दिले की पुरते. वाफसा निघून गेल्यावर हाती आलेल्या पैशाचे मोल काय, हे ज्यांचे गावी थोडेफार शेत आहे त्या आमच्या वाचकांस सांगावयास नको. तेथे सरकारी कर्जावर जिल्हा समित्यांची सत्ता चाले, आणि त्यांवर बहुधा स्थानिक गोरे शेतकरीच निवडून येत. कृष्णवर्णीयाचा अर्ज पडून राही, हंगाम टळे, हप्ता थके आणि अखेर जमीन लिलावात निघे. दाद मागावी, तर तक्रारी तपासणारे कार्यालयच 1983 मध्ये मोडीत निघालेले!

शिध्याचीही तीच गत. 1962 च्या हिवाळ्यात मिसिसिपीतील लेफ्लोर जिल्ह्यात कृष्णवर्णीयांची मतदार-नोंदणी सुरू होताच जिल्हा मंडळाने सरकारी धान्यवाटप बंद केले. कापूस वेचणाऱ्यांच्या चुली विझल्या. शेजारच्या सनफ्लॉवर जिल्ह्यात फॅनी लू हेमर यांनी 1969 साली सहकारी शेत उभारले ते याच अनुभवातून: अन्न दुसऱ्याच्या हाती असेल, तर मतही त्याच्याच हाती जाते.

पुढे टिमथी पिगफर्ड आदींनी 1997 मध्ये खात्यावर दावा लावला. 1999 च्या तडजोडीने बहुतेकांच्या पदरी पन्नास हजार डॉलर पडले. गेलेली शेते परत आली नाहीत. 2010 मध्ये आणखी सव्वाशे कोटी डॉलर ठरले. 2021 ची कर्जमाफी गोऱ्या शेतकऱ्यांच्या दाव्यांमुळे न्यायालयांत अडकली आणि 2022 मध्ये रद्द झाली. तिच्या जागी, वर्ण न विचारता, पक्षपात सोसलेल्या 43 हजारांहून अधिक लोकांना 2024 मध्ये सुमारे दोनशे कोटी वाटले गेले. खाते यालाच परिमार्जन म्हणते. जिल्हा समित्या मात्र आजही निवडणुकीनेच बनतात. मतदार अर्थात शेती करणारे. ज्याची जमीन लिलावात गेली, त्याचे नाव त्या यादीत नाही.